पाच नंबरवरच टाकू का, सर?

सोळा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा. उपांत्य सामना, दुसरा सेट, १४-१२. सर्व्हिस आमच्याकडे. चेंडू घेऊन रेषेमागे जाता जाता आमची मुलगी बाकाजवळून गेली आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "सर, परत पाच नंबरवरच टाकू का? रडतेय ती."

नेटपलीकडे पाच नंबरची जर्सी मागच्या डाव्या कोपऱ्यात उभी होती. आधीच्या तिन्ही सर्व्हिस तिच्याच हातांवर गेल्या होत्या. पहिली हातांना लागून मागे उडाली, दुसरी थेट पंचांच्या शिडीवर आपटली. तिसरी तिनं उचलली खरी, पण चेंडू नेटवरून आयताच आमच्याकडे आला आणि आमच्या मुलींनी तो मारला. ती बाहीनं डोळे पुसत होती. पुसून झाले की पुन्हा गुडघे वाकवून तयार होत होती.

मी म्हणालो, "टाक."

आणखी चार पॉइंट तिथेच मिळाले. सेट आमचा झाला, पुढे सामनाही. संध्याकाळी आमच्याच एका मुलीच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. "जिंकलो ते ठीक आहे सर, पण बघवत नव्हतं हो."

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. समोर नऊ बाय नऊ मीटरचं मैदान पसरलेलं असताना शोधून शोधून एकाच रडणाऱ्या मुलीच्या अंगावर चेंडू टाकायचा, आणि वर मुलांना खिलाडूवृत्तीचे धडे द्यायचे, हे कसं जमतं? तेव्हा मी काहीतरी पुटपुटलो. नीट उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली. आज विचाराल तर सांगेन, की ते "टाक" बरोबर होतं. त्या दिवशी चूक झाली ती दुसरीच, आणि ती माझी होती. तिच्याकडे येतो, पण आधी "टाक"चा हिशोब.

व्हॉलीबॉलची एक गोष्ट इतर सांघिक खेळांहून फार वेगळी आहे, आणि खेळणाऱ्यांनासुद्धा ती सवयीनं दिसेनाशी होते. फुटबॉलमध्ये एखादा कच्चा असेल तर त्याला पास द्यायचा नाही, एवढं केलं की तो नव्वद मिनिटं धावत राहतो आणि फारसं बिघडत नाही. बास्केटबॉलमध्ये चेंडू चांगल्या खेळाडूच्या हातात ठेवता येतो. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरताच येत नाही. आणि सर्व्हिस येते तेव्हा तुमच्या संघात चेंडूला पहिला हात कुणी लावायचा, हे समोरचा संघ ठरवतो. त्यात रोटेशन आहे. सर्व्हिस परत मिळवली की प्रत्येकानं घड्याळाच्या दिशेनं एक जागा सरकायचं, म्हणजे नेटवर कितीही उंच उडणारा असला तरी फिरत फिरत त्याला मागे यावंच लागतं. ज्याला जे येत नाही तेही त्याच्याकडून करून घेणारा हा खेळ आहे. सहापैकी कुणाकडे चेंडू पाठवायचा हे निवडायचा हक्क सर्व्हिस करणाऱ्याला खेळानंच दिला आहे. मग त्यानं तो डोळे मिटून वापरावा असं म्हणण्यात काय हशील?

क्रिकेट बघणाऱ्याला हे चटकन कळेल. एका टोकाला शतकवीर आणि दुसऱ्या टोकाला अकरावा फलंदाज असला, की क्षेत्ररक्षण करणारा कर्णधार काय करतो? सगळे क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पांगवतो आणि जमलेल्या फलंदाजाला खुशाल एक धाव देऊ करतो, म्हणजे शेपूट समोर येईल. यावर आजवर कुणी नाक मुरडलेलं मी ऐकलेलं नाही. उलट जमलेला फलंदाज पहिल्या चार चेंडूंवरच्या सोप्या धावा नाकारतो आणि षटक संपता संपता एकेरी धाव चोरून स्ट्राइक स्वतःकडे ठेवतो, तेव्हा टाळ्या पडतात. कच्च्याला गाठणं हे एका संघाचं काम, त्याला पाठीशी घालणं हे दुसऱ्या संघाचं. दोन्ही कामं चोख झाली की शेवटची जोडी बघताना आपण जागचे हलत नाही.

व्हॉलीबॉलमध्ये नेमका हाच दुसरा भाग लोक विसरतात. पाच नंबर रडत होती हे सगळ्यांनी पाहिलं. तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या मुली काय करत होत्या, हे कुणी पाहिलं? मी पाहिलं, कारण तेच पाहणं माझं काम होतं. त्या आपापल्या जागी, आपापल्या तुकड्याची राखण करत उभ्या होत्या. त्यांच्या सरांनी एक टाइम-आउट घेतला आणि तीसच्या तीस सेकंद त्या मुलीलाच समजावलं, "हात सरळ ठेव, हात सरळ ठेव." बाजूच्या दोघींना अर्धं पाऊल आत सरका, एवढं कुणी म्हणालं नाही. दुसरा टाइम-आउट शिल्लक होता. सेटमध्ये सहा बदल करता येतात, त्यातला एकही झाला नाही.

मी स्वतः अशा कोपऱ्यात उभा राहिलेला माणूस आहे. कॉलेजच्या संघात माझा रिसीव्ह, म्हणजे समोरून आलेली सर्व्हिस उचलणं, हा आमच्याकडचा कायमचा विनोद होता. एका सामन्यात ओळीनं सर्व्हिस माझ्यावर येत होत्या, सगळ्या फ्लोट. फ्लोट म्हणजे चेंडूला फिरकीच द्यायची नाही. मग तो हवेत डुलत येतो आणि शेवटच्या क्षणी कुठे झुकेल याचा नेम नसतो. पहिले दोन पॉइंट गेले, तेव्हा मला समोरच्याचा राग आला. तिसरा गेला तेव्हा आमच्या स्मॅशरनं दोन्ही हात हवेत उडवले आणि बाकाकडे बघितलं. बस्स, तिथे मी संपलो. समोरच्याची सर्व्हिस हाताला लागते, आपल्या माणसांची नजर लागते. चौथ्या सर्व्हिसला माझे पाय जमिनीला चिकटले होते.

पाचव्याला मात्र मधे उभा असलेला आमचा कर्णधार काही न बोलता दीड पाऊल माझ्याकडे सरकला. चेंडू सुटला, आणि माझ्या तोंडासमोर येऊन तो ओरडला, "माझा!" पास अगदी लिफ्टरच्या, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू वर उचलून देणाऱ्याच्या, डोक्यावर. पॉइंट आमचा. पुढच्या फेरीत माझ्या वाट्याला मैदानाची जेमतेम दोन हात रुंद पट्टी उरली होती. तिथे सर्व्हिस टाकायची तर रेषेबाहेर जाण्याची भीती, आणि बाकी सगळीकडे तो उभा. समोरच्यांनी दोन प्रयत्न केले, एक बाहेर गेला, आणि त्यांनी माझा नाद सोडला. माझा रिसीव्ह त्या अर्ध्या तासात काही सुधारला नव्हता. संघानं फक्त तो सहा जणांत वाटून घेतला होता.

या खेळाचा इतिहास म्हणजे बराचसा अशा वाटून घेण्याचाच इतिहास आहे. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या होलियोक इथे विल्यम मॉर्गन यांनी तो तयार केला, तेव्हा हेतू फार साधा होता. बास्केटबॉलची दमछाक ज्यांना झेपत नाही अशा, वयानं थोराड व्यापारी मंडळींना घाम गाळायला काहीतरी हवं होतं. खेळाडू कितीही, एका बाजूनं चेंडूला कितीही वेळा हात लावा, असा सगळा मोकळा कारभार होता. तिथे कुणी कुणाला हेरायचा प्रश्नच नव्हता. १९२० मध्ये तीनच स्पर्शांची मर्यादा आली आणि चित्र पालटलं. तीनातला पहिला स्पर्श बिघडला की उरलेले दोन तो निस्तरण्यात जातात. पहिला हात कुणाचा, याला किंमत आली. किंमत आली म्हटल्यावर कच्चा हात शोधणं आलंच.

त्यावर उतारेही निघत गेले. अनेक वर्षं संघ पाच-पाच जणांना इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात उभं करून सर्व्हिस घेत असत. म्हणजे समोरच्याला निवडायला पाच गिऱ्हाइकं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचे प्रशिक्षक डग बील यांनी वेगळंच केलं. कार्च किराय आणि आल्डिस बर्झिन्श या दोघांनीच जवळपास सगळ्या सर्व्हिस घ्यायच्या, बाकीच्यांनी वाटेतून बाजूला व्हायचं. दोघांनी एवढं मैदान राखायचं हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं, पण विचार सरळ होता. पाच बऱ्या हातांपेक्षा दोन उत्तम हात परवडले, आणि समोरच्याला हेरायला कुणी उरलाच नाही. सुवर्णपदक मिळालं. त्या वेळी सोव्हिएत संघ आलाच नव्हता असं म्हणणाऱ्यांसाठी, १९८८ मध्ये सोलला अंतिम सामन्यात अमेरिकेनं त्याच सोव्हिएत संघाला हरवलं. रिसीव्हसाठी खास माणसं ठेवण्याची रीत मग जगभर रुजली.

पुढे १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत लिबेरो आला. वेगळ्या रंगाची जर्सी घालणारा, मागच्या रांगेतल्या कुणाच्याही जागी ठरल्या बदलांच्या मोजणीबाहेर आत-बाहेर करणारा, ब्लॉक न करणारा, नेटच्या वरून चेंडू न मारणारा, निव्वळ उचलणारा. उंची नसलेल्या पण जमिनीशी सलगी असलेल्या खेळाडूंना त्यानं वरच्या दर्जाच्या व्हॉलीबॉलचं दार उघडलं. एरवी सव्वासहा फुटी माणसांच्या या खेळात त्यांना कुणी विचारलं नसतं. मला यातली गंमत अशी वाटते, की मागे उभ्या असलेल्या उंच, जड माणसांवर मुद्दाम सर्व्हिस टाकणारे नसते, तर या बुटक्यांना काम कुठून मिळालं असतं?

शिवाय "कच्च्याला गाठतात" हे अर्धच सत्य आहे. सर्व्हिस समोरच्या सर्वात चांगल्या स्मॅशरवरही टाकतात. त्यानं खाली वाकून पास द्यावा आणि स्मॅशसाठी धाव घ्यायला त्याला उशीर व्हावा म्हणून. बीच व्हॉलीबॉलमध्ये दोघांपैकी एकालाच सामनाभर सर्व्हिस खायला लावतात, कारण जो पास देतो त्यालाच पुढे जाऊन मारावं लागतं आणि वाळूत त्याचे पाय भरून येतात. अनेकदा सर्व्हिस कुणावरच नसते, ती दोघांच्या मधल्या फटीत असते, म्हणजे दोघंही एकमेकांकडे बघत राहतात. दमवणं, अडवणं, गोंधळात टाकणं हे सगळं आपण डावपेचात धरतो. मग ज्याला येत नाही त्याच्याकडून करून घेणं तेवढं निर्दय कसं?

यावर मिळणारं उत्तर बहुधा असं असतं: "अहो, पण ती कच्ची आहे, तिची दया यायला नको?" दया यावी. मलाही आली. प्रश्न आहे तो दया आल्यावर करायचं काय.

समजा मी आमच्या मुलीला म्हणालो असतो, "नको, राहू दे, दुसरीकडे टाक." तिनं टाकली असती. पाच नंबरला ते दोन चेंडूंत कळलं असतं, खेळणाऱ्याला असं लगेच कळतं. लहानपणी खेळताना धाकट्या भावंडाला आपण लिंबूटिंबू म्हणून घ्यायचो. तो धावायचा, ओरडायचा, पण तो बाद झाला तरी बाद नसायचा. त्याला आठवड्याभरातच त्यातलं अपमानास्पद काय ते समजायचं आणि तो म्हणायचा, "मी लिंबूटिंबू नाही, मला खरंखरं घ्या." जर्सी घालून, सराव करून, उपांत्य सामन्यापर्यंत आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला तिला न विचारता लिंबूटिंबू ठरवायचा अधिकार मला कुणी दिला? तिच्या संघाला तिला बाहेर बसवायचं असतं तर बसवता आलं असतं. त्यांनी ती खेळेल असं ठरवलं होतं. डोळे पुसून गुडघे वाकवत होती, म्हणजे तिनंही तेच ठरवलं होतं. तिला खेळाडू मानायचं तर तिच्यावर सर्व्हिस टाकणं भागच होतं.

खेळाच्या जगानं "पूर्ण ताकदीनं न खेळणं" हा प्रकार किती गंभीर मानलाय, याचं उदाहरण २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधलं आहे. महिला दुहेरी बॅडमिंटनमध्ये चार जोड्यांना, म्हणजे आठ खेळाडूंना स्पर्धेतून काढून टाकलं. एक चीनची, दोन दक्षिण कोरियाच्या, एक इंडोनेशियाची. मुद्दाम नेटमध्ये सर्व्हिस मारायच्या, मुद्दाम बाहेर फटके मारायचे, असा तमाशा चालला होता. कारण गटातला तो सामना हरला तर पुढे सोयीचा प्रतिस्पर्धी मिळणार होता. व्हॉलीबॉलचाही हात यात स्वच्छ नाही. २०१० मध्ये इटलीत झालेल्या पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत ब्राझीलचा बलाढ्य संघ बल्गेरियाशी सरळ तीन सेटमध्ये हरला. हरणाऱ्याला पुढचा गट सोपा मिळणार होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुढे ब्राझीलच विश्वविजेता झाला, हा त्यावरचा कळस.

हे दोन्ही प्रसंग मला इथे हवेत, कारण तिथेही दुबळ्या प्रतिस्पर्ध्याचाच शोध चालला होता. कुणी म्हणेल, मग तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय? तुम्ही मैदानावर दुबळा शोधता, ते वेळापत्रकात शोधत होते. फरक हाच, की त्यांना दुबळा गाठण्यासाठी खेळणं थांबवावं लागलं. समोर उभ्या असलेल्या माणसाशी ते खेळतच नव्हते. पाच नंबरवर नेमकी सर्व्हिस टाकायला आमच्या मुलीला मात्र तिचं येतं ते सगळं पणाला लावावं लागत होतं. मागच्या डाव्या कोपऱ्यात, रेषेच्या आत, एकाच जागी ओळीनं सात वेळा फ्लोट टाकून बघा. सरावात मोकळ्या मैदानावर दहापैकी पाच पडल्या तरी मी शाबासकी देतो. शिवाय चुकली की पॉइंट समोरच्याला.

आता माझ्या चुकीकडे.

पाचव्या पॉइंटच्या सुमाराला आमच्या बाकावरच्या मुलींनी सूर धरला. सर्व्हिसच्या आधी टाळ्या, आणि मग एका सुरात, "पाच! पाच! पाच!" मी ते ऐकलं. संघात जोश आलाय, असं मनात म्हणालो आणि दोन पॉइंट जाऊ दिले. तिसऱ्या वेळी मागे वळून "बंद करा ते" म्हणालो, तोवर ती पलीकडची मुलगी एकदा आमच्या बाकाकडे बघून गेली होती. तिच्या त्या बघण्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. सर्व्हिस कुठे टाकायची हे कानात सांगता येतं, पाठीमागे बोटांनी खुणावता येतं, नुसत्या नजरेनं कळवता येतं. ते अख्ख्या मैदानाला ओरडून सांगितलं की सर्व्हिसच्या अचूकतेत कणभरही भर पडत नाही. भर पडते ती फक्त त्या मुलीच्या लाजेत.

माझ्या मते रेघ इथे ओढायला हवी. चेंडू कुठे पडला यावरून कुणाची खिलाडूवृत्ती ठरवू नये, चेंडू पडल्यावर माणसं काय करतात यावरून ठरवावी. नियमपुस्तकाचाही कल असाच आहे. सर्व्हिस कुणावर टाकावी याबद्दल त्यात एक अक्षर नाही. सर्व्हिस करणारा आणि चेंडूचा मार्ग समोरच्याला दिसू नये म्हणून भिंतीसारखं उभं राहायला मात्र बंदी आहे. म्हणजे समोरच्याच्या उणिवेचा फायदा घ्या, पण त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधू नका. आणि वागणुकीच्या कलमात पंच, प्रतिस्पर्धी, आपलेच सहकारी आणि प्रेक्षक या सगळ्यांशी सभ्यतेनं वागायला सांगितलं आहे. त्या यादीत "आपलेच सहकारी" आहेत हे मला विशेष आवडतं. हात उडवून बाकाकडे बघणाऱ्या आमच्या त्या स्मॅशरला हे कलम कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं. अलीकडे मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हिरवं कार्ड आलंय. चेंडू आपल्या बोटांना लागला होता हे व्हिडिओ बघायच्या आत जो स्वतःहून कबूल करतो, त्याच्या नावे ते दाखवतात. प्रामाणिकपणा मोजायची ही जागा मला पटते. त्याच सामन्यात तोच खेळाडू समोरच्या कच्च्या रिसीव्हरवर वीस सर्व्हिस टाकेल आणि त्याच्या हिरव्या कार्डाला त्यानं डाग लागणार नाही.

एक अपवाद मी मानतो, शरीराचा. क्रिकेटच्या नियमांत आखूड टप्प्याचा चेंडू धोकादायक आहे की नाही हे ठरवताना पंचांनी फलंदाजाचं कौशल्य लक्षात घ्यावं असं लिहिलेलं आहे, आणि त्यानं हेल्मेट-पॅड घातलेत हे लक्षात घेऊ नये असंही. म्हणजे जो चेंडू चौथ्या क्रमांकाच्या फलंदाजाला चालतो तोच अकराव्याला चालेलच असं नाही. १९७५ मध्ये ऑकलंडला न्यूझीलंडचा शेवटचा फलंदाज एवन चॅटफिल्ड याला इंग्लंडच्या पीटर लीव्हरचा उसळता चेंडू लागला आणि त्याचं हृदय थांबलं. इंग्लंडच्या फिजिओनं त्याला मैदानावरच परत आणलं. कच्चेपणाचा फायदा घेताना बळी विकेटचा जावा, माणसाचा नाही. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू तीनशे ग्रॅमच्या आतला आणि मधे नेट, त्यामुळे असा जीवघेणा प्रसंग सहसा येत नाही. पण मोठ्या पुरुषांची जंप सर्व्हिस ताशी १३० किलोमीटरच्या पुढे जाते, अर्ध्या सेकंदाच्या आसपास अंगावर येते. सुट्टीच्या दिवशी हौसेनं, बायका-मुलं-म्हातारे मिळून खेळताना कुणी तसली सर्व्हिस नवख्याच्या तोंडावर हाणत असेल, तर त्याला मी खेळाडू म्हणणार नाही. तिथे मुळात स्पर्धाच नव्हती. ज्या खेळात जिंकण्याला कुणी भाव देत नाही तिथे जिंकण्याचा हक्क बजावणं हा नुसता आडदांडपणा. यावर फार बोलण्यासारखं काही नाही, अशा माणसाला पुढच्या वेळी बोलवायचं नाही.

मुलांचा प्रश्न मात्र खरा अवघड आहे, आणि त्या वडिलांचं "बघवत नव्हतं" मला तिथेच जास्त टोचतं. पंधरा वर्षांच्या मुलीबद्दल मी ठाम आहे. दहा वर्षांच्या मुलीबद्दल नाही. त्या वयात रिसीव्ह कुणालाच येत नाही. ज्या एक-दोघींच्या हातात जोर आहे त्या पहिल्या सर्व्हिसपासून पंचविसाव्यापर्यंत एकट्याच सेट संपवू शकतात. बाकीच्या दहा-अकराजणी उभ्या राहून चेंडू पडताना बघतात. तो व्हॉलीबॉलच नाही, कारण त्यात रॅली नाही. नॉर्वेच्या क्रीडा महासंघानं मुलांच्या खेळासाठी नियमच केलेत, की अकरा वर्षांच्या आधी निकालांचे तक्ते आणि क्रमवारी लावायची नाही. अनेक देशांत लहानग्यांच्या व्हॉलीबॉलमध्ये मैदान छोटं, नेट खाली, खेळाडू कमी, आणि अगदी सुरुवातीच्या पायरीवर चेंडू झेलायलाही परवानगी असते. कुठे कुठे एकीनं ठरावीक सर्व्हिस केल्या की चेंडू पुढच्या मुलीकडे द्यायचा असा नियम असतो.

हे सगळं मला मान्य आहे, आणि एका कारणानं फार मान्य आहे. इथे दया करायचं काम मोठ्यांनी नियम करून स्वतःच्या अंगावर घेतलंय. आपण उलटं करतो. स्पर्धा मोठ्यांसारखी ठेवतो, चषक ठेवतो, तक्ता लावतो, आणि मग सर्व्हिसच्या रेषेमागे उभ्या असलेल्या पोरीकडून अपेक्षा करतो की तिनं आपण होऊन हात आखडता घ्यावा. घेतला नाही तर ती निर्दय, घेतला आणि हरलो तर ती मूर्ख. आमच्या मुलीनं "रडतेय ती" असं म्हटलं तेव्हा खरं तर तिनं ते ओझं माझ्याकडे सोपवलं होतं. "टाक" म्हणून मी ते घेतलं, एवढं एक काम मी त्या दिवशी बरं केलं असं मला वाटतं.

गेल्या हंगामात आम्ही काही प्रशिक्षकांनी मिळून बारा वर्षांखालच्यांसाठी पाच सर्व्हिसचा नियम लावून पाहिला. पाच झाल्या की शिट्टी, रोटेशन, चेंडू पुढच्या मुलीकडे. रॅली वाढल्या, मागच्या मुलींचे हात चेंडूला लागायला लागले, पालक खूष. बैठकीत एका बाईंनी, त्याही प्रशिक्षकच, एवढंच विचारलं, "जिनं सकाळी सहाला उठून सर्व्हिस घोटलीय, तिला आपण नेमकं काय शिकवतोय?" मी मुद्दा नोंदवून घेतला आणि नियमाच्या बाजूनं मत दिलं. आजही देईन.

पण त्या स्पर्धेत एक मुलगी होती, अकरा वर्षांची, लहानखुरी, वेणी कमरेपर्यंत. तिनं ओळीनं पाच सर्व्हिस टाकल्या, पाचही आत, पाचही वेगवेगळ्या कोपऱ्यांत. शिट्टी झाली. तिनं चेंडू उचलला, रेषेमागे जाऊन उभी राहिली, आणि कुणीतरी "अगं, झाल्या तुझ्या" असं सांगेपर्यंत तशीच उभी होती. मग तो शेजारच्या मुलीच्या हातात देताना तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "सर, पण माझी चूक कुठे झाली?"